फातिमाची अखेरची साक्षीदार

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांत दिवेलागणीच्या वेळी जपमाळेची प्रार्थना म्हणण्याची परंपरा आहे. कोकणीत तिला तेर्स म्हणतात. दहा-दहा मण्यांची पाच आवर्तने, आणि प्रत्येक आवर्तनाच्या अखेरीस एक छोटीशी विनवणी. पापांची क्षमा मागणारी, नरकाच्या अग्नीपासून रक्षण मागणारी आणि ज्यांना दयेची सर्वाधिक गरज आहे त्यांचे स्मरण करणारी. जपमाळ शेकडो वर्षांची जुनी. ही शेवटची विनवणी मात्र विसाव्या शतकातील आहे. पोर्तुगालच्या डोंगराळ भागात मेंढ्या राखणाऱ्या, अक्षरओळखही नसलेल्या एका दहा वर्षांच्या मुलीच्या कथनातून ती जगभर पसरली आणि कोकणच्या किनाऱ्यापर्यंत आली. त्या मुलीचे नाव लुसिया दुस सांतुस. पुढे ती जोगीण झाली आणि वयाची ९७ वर्षे पार करून १३ फेब्रुवारी २००५ रोजी कोइम्ब्रा येथील मठात निवर्तली. तिच्यासोबत मेंढ्या राखणारी दोन भावंडे मात्र वयाची अकरा वर्षेही पूर्ण करू शकली नव्हती.

लुसियाचा जन्म मार्च १९०७ मध्ये फातिमा या धर्मग्रामातील अल्जुस्त्रेल नावाच्या वाडीत झाला. तिची जन्मतारीख २८ मार्च मानली जाते. सरकारदरबारी मात्र २२ मार्चची नोंद आहे. फातिमा हे नाव आपल्याकडे मुस्लिम घरांतही ऐकू येते आणि ख्रिस्ती घरांतही. मूळ नाव अरबीच. पोर्तुगालवर एकेकाळी मूर मुसलमानांची सत्ता होती, तिची ही उरलेली खूण. वडील आंतोनियो शेती करीत. आई मारिया रोझा धर्मनिष्ठ आणि करारी होती. वाडीतील मुलांना ती घरी धर्मशिक्षण देई. लुसिया हे शेंडेफळ. ऐकलेले सारे तिला मुखोद्गत होई. त्यामुळे इतर मुलांपेक्षा पुष्कळच लवकर, सहाव्या वर्षी तिला प्रथम ख्रिस्तप्रसाद मिळाला. पुढे मेंढ्या चरायला नेण्याचे काम तिच्याकडे आले. तिच्या आत्याची मुले, फ्रान्सिस्को आणि जासिंता मार्तो, तिच्यासोबत असत. फ्रान्सिस्को तिच्याहून वर्षभराने लहान, जासिंता तीन वर्षांनी.

त्या वेळचा पोर्तुगाल चर्चच्या दृष्टीने अनुकूल नव्हता. १९१० साली राजेशाही उलथवून प्रजासत्ताक आले आणि पहिल्याच महिन्यात धार्मिक संघ देशाबाहेर घालवण्यात आले. पुढल्या वर्षी चर्च आणि शासन यांची फारकत करणारा कायदा झाला. या संघर्षाची आधीची एक लाट गोव्याने अनुभवली होती. १८३४ मध्ये पोर्तुगालने पुरुष संन्याशांचे मठ बंद केले आणि स्त्रियांच्या मठांत नव्या जोगिणी घेण्यास मनाई केली. जुन्या गोव्यात १६०६ मध्ये स्थापन झालेला सांता मोनिका मठ त्यामुळे हळूहळू ओस पडत गेला; तेथील शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. मठात जाण्याची इच्छा धरणाऱ्या पोर्तुगीज मुलीला लुसियाच्या काळीही वाट सरळ नव्हती. त्यातच १९१६ मध्ये पोर्तुगाल पहिल्या महायुद्धात उतरला आणि खेड्यापाड्यांतील तरुण फ्रान्सच्या खंदकांकडे रवाना होऊ लागले.

१३ मे १९१७ रोजी कोवा द इरिया या खोलगट माळावर, एका खुरट्या ओकवृक्षावर, सूर्याहून तेजस्वी अशी एक स्त्री आपल्याला दिसली, असे या तीन मुलांनी सांगितले. ही जमीन लुसियाच्याच घरची होती. दर महिन्याच्या १३ तारखेला, असे सहा वेळा येथे या, असे त्या स्त्रीने सांगितल्याचे मुले म्हणत. तिच्याशी बोलत असे ती लुसिया. जासिंताला दिसे आणि ऐकू येई. फ्रान्सिस्कोला केवळ दिसे. त्यामुळे संभाषणाची सारी जबाबदारी, आणि पुढे त्याच्या कथनाचीही, थोरल्या लुसियावर येऊन पडली.

तिची पहिली परीक्षा घरातच झाली. मुलगी खोटे बोलून लोकांना फसवीत आहे, अशी आईची खात्री होती. धाक दाखवून झाला, केरसुणीच्या दांड्याने मारून झाले, धर्मगुरूंपुढे उभे करून झाले. मुलीने शब्द फिरवला नाही. दरम्यान बघ्यांच्या गर्दीने आणि त्यांच्या जनावरांनी कोवा द इरिया तुडवून काढला. तेथील पीक गेले. घरच्यांचे टोमणे लुसियाला ऐकावे लागले. ऑगस्टमध्ये ओरेमचा प्रशासक आर्तुर द ओलिव्हेरा सांतुस याने तिन्ही मुलांना १३ तारखेलाच उचलून नेले, डांबले आणि उकळत्या तेलात टाकण्याची धमकी दिली, असे लुसियाने आठवणींत लिहिले आहे. मुले बधली नाहीत. त्या महिन्यातील दर्शन १९ तारखेला वालिन्युस येथे झाल्याचे त्यांनी सांगितले.

१३ ऑक्टोबर १९१७ चा दिवस पावसाचा होता. या दिवशी सर्वांना पटेल अशी खूण दिसेल, असे मुलांनी आधीच जाहीर केले होते. जमलेल्या लोकांची संख्या तीस हजारांपासून एक लाखापर्यंत वेगवेगळी सांगितली जाते. पाऊस थांबला, ढग फाटले आणि सूर्य थरथरत, फिरत, रंग उधळत खाली येत असल्याचे पुष्कळांनी पाहिले. काहींना काहीच दिसले नाही, आणि जगातील कोणत्याही वेधशाळेत तशी नोंद नाही. धर्मसत्तेबद्दल आस्था नसलेल्या लिस्बनच्या ‘ओ सेकुलो’ या दैनिकाचे प्रतिनिधी आवेलिनो द आल्मेदा तेथे हजर होते. त्यांनी पाहिलेले लिहिले आणि फातिमा हे नाव देशभर झाले.

या सहा भेटींतील दुसरी भेट लुसियाच्या आयुष्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरली. १३ जून १९१७ रोजी तिने त्या स्त्रीला, आम्हा तिघांना स्वर्गात ने, अशी विनंती केली. फ्रान्सिस्को आणि जासिंता यांना लवकरच नेईन, तुला मात्र आणखी काही काळ येथे राहावे लागेल, असे उत्तर आपल्याला मिळाले, असे तिने पुढे लिहिले. तिने लिहायला-वाचायला शिकावे, असेही तेव्हाच सांगण्यात आले होते. हे सारे सविस्तर कागदावर उतरले ते पुष्कळ वर्षांनी, याकडे टीकाकार बोट दाखवतात आणि ते खरेही आहे. पण आयुष्याने जो क्रम लावला, तो याच उत्तरासारखा होता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने मार्तोंचे घर गाठले. फ्रान्सिस्को ४ एप्रिल १९१९ रोजी घरीच गेला. त्याच वर्षी लुसियाचे वडीलही वारले. जासिंता अनेक महिने झिजली आणि २० फेब्रुवारी १९२० रोजी लिस्बनच्या इस्पितळात, घरापासून दूर मरण पावली. तेराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेली लुसिया एकटी उरली. तिने जे पाहिले म्हणून सांगितले, त्याला दुजोरा देणारे दुसरे कोणीही आता जगात नव्हते.

आईवडिलांच्या पश्चात माणूस जगतो, त्याला जनरीत म्हणतात. बालपणीच्या सवंगड्यांच्या मागे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जगणे, आणि त्या सवंगड्यांच्या वतीनेही बोलणे, हे वेगळे ओझे होते. येणारा प्रत्येक जण तिला तेच प्रश्न विचारी. कोणी तिच्या झग्याचे तुकडे मागे, कोणी नवस सांगे, कोणी खोटारडी म्हणून हिणवी. ज्या ओकावर दर्शन झाले म्हणत, त्याची पाने-फांद्या भाविकांनी नेल्याने झाडच उरले नाही. मुलीची गत त्या झाडासारखी होऊ नये, असे लैरियाचे बिशप जुझे आल्व्हिस कोरैया दा सिल्व्हा यांना वाटले असावे. चौदा वर्षांच्या लुसियाला फातिमापासून दूर पाठवण्याचे त्यांनी ठरवले. जून १९२१ मध्ये ती कोणाचाही निरोप न घेता, अंधारातच घराबाहेर पडली आणि पोर्तो शहरातील व्हिलार येथे डोरोथियन भगिनींच्या शाळेत दाखल झाली. तेथे तिने आपले गाव सांगायचे नव्हते, फातिमाचा उच्चार करायचा नव्हता आणि लुसिया हे नावही लावायचे नव्हते. तिला नवे नाव मिळाले, मारिया दास दोरेस. म्हणजे दुःखांची मरिया. ज्या घटनेमुळे तिचे नाव लोकांच्या तोंडी झाले, त्याच घटनेने तिचे नाव तिच्यापासून काढून घेतले.

शाळेत ती लिहायला-वाचायला शिकली, शिवणकाम आणि घरकाम शिकली. १९२५ मध्ये तिने डोरोथियन संघात प्रवेश घेतला. पोर्तुगालमधील निर्बंधांमुळे या संघाच्या नवदीक्षितांचे शिक्षण सीमेपलीकडे स्पेनमध्ये होत असे. त्यामुळे पोन्तेवेद्रा आणि तुय या स्पॅनिश गावांत तिची पुढील वीस वर्षे गेली. १९२८ मध्ये प्रथम व्रते, १९३४ मध्ये आजन्म व्रते. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि ते संपते न संपते तोच दुसरे महायुद्ध. आई मारिया रोझा १९४२ मध्ये वारली, तेव्हाही सिस्टर लुसिया स्पेनमधील मठातच होत्या.

इकडे त्यांच्या अनुपस्थितीत फातिमा वाढत होते. १९१९ मध्ये लोकांनी तेथे लहानसे प्रार्थनामंदिर बांधले. १९२२ मध्ये विरोधकांनी ते सुरुंगाने उडवले. लोकांनी ते पुन्हा उभारले. १९२८ मध्ये मोठ्या बॅसिलिकाचे काम सुरू झाले. १३ ऑक्टोबर १९३० रोजी, दीर्घ चौकशीनंतर, बिशपांनी ही दर्शने विश्वासार्ह असल्याचा निर्णय दिला. कॅथलिक शिकवणुकीनुसार अशी दर्शने खासगी साक्षात्कार मानली जातात. त्यांवर विश्वास ठेवणे कोणालाही बंधनकारक नसते. चर्चची मान्यता म्हणजे या गोष्टीत श्रद्धेला बाधक असे काही नाही, एवढाच दाखला.

१९३५ मध्ये जासिंताची शवपेटी फातिमाला हलवण्यासाठी उघडण्यात आली. बिशपांनी तिच्या चेहऱ्याचे छायाचित्र सिस्टर लुसियांना पाठवले. पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या आतेबहिणीचा चेहरा पाहून त्यांनी जे पत्र लिहिले, ते वाचून बिशपांनी जासिंताच्या आठवणी लिहिण्याची आज्ञा केली. अशा रीतीने एका निरक्षर मुलीचे लेखन सुरू झाले. १९३५, १९३७ आणि १९४१ मध्ये दोन, अशी चार आठवणींची टिपणे झाली. घरकामातून मिळालेल्या सवडीत, आज्ञेवरून लिहिलेल्या या वह्यांत अलंकार नाहीत. पण जत्रेत नाचणारी, गाणी म्हणणारी, भुकेल्या मुलांना आपली शिदोरी देऊन टाकणारी तीन भावंडे त्यांत जिवंत आहेत. फ्रान्सिस्को आणि जासिंता यांच्याविषयी जग जे जाणते, त्यातील बहुतेक भाग या एका लेखणीतून आला आहे. नरकाचे दर्शन, दुसऱ्या मोठ्या युद्धाचा इशारा आणि रशियाविषयीचे भाकीत हे याच लेखनातून पुढे आले. युद्ध सुरू झाल्यानंतर युद्धाचे भाकीत लिहिले गेले, हा आक्षेप तेव्हापासून आजवर घेतला जातो.

त्यातील तिसरा भाग मात्र त्यांनी लिहिला नव्हता. १९४३ मध्ये त्या गंभीर आजारी पडल्या. हे रहस्य त्यांच्याबरोबरच जाईल या चिंतेने बिशपांनी ते लिहून ठेवण्यास सांगितले. ३ जानेवारी १९४४ रोजी तुय येथे त्यांनी ते लिहिले आणि पाकिटात बंद केले. १९६० पूर्वी ते उघडू नये, अशी अट होती. १९५७ मध्ये पाकीट रोमला गेले. १९५९ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी ते वाचले आणि प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. मग जगभर तर्कांना ऊत आला. अणुयुद्ध, जगबुडी, चर्चमधील फूट अशा नाना कल्पना लढवल्या गेल्या. उत्तर माहीत असलेली व्यक्ती हयात होती आणि काहीही बोलत नव्हती.

त्या तेव्हा अधिक खोल मौनात शिरल्या होत्या. १९४६ मध्ये पोर्तुगालला परतून त्यांनी फातिमातील दर्शनस्थळांची ओळख पटवून दिली. २५ मार्च १९४८ रोजी, एक्केचाळिसाव्या वर्षी, शिक्षण देणारा संघ सोडून त्यांनी कोइम्ब्राच्या कार्मेल मठात प्रवेश घेतला. सोळाव्या शतकात आविलाच्या संत तेरेसा यांनी सुधारलेल्या या कार्मेल संघात जोगिणी मठाचा उंबरठा ओलांडत नाहीत. पाहुण्यांशी बोलणे जाळीआडून, दिवसाचा मोठा भाग प्रार्थना, मौन आणि हातकाम यांत. कोइम्ब्रा हे विद्यापीठाचे शहर गोव्याला अपरिचित नव्हते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील सधन घरांतील मुले कायद्याच्या शिक्षणासाठी तेथे जात. त्याच शहरात आयुष्याची जवळजवळ ५७ वर्षे सिस्टर मारिया लुसिया या नावाने त्यांनी काढली.

त्याच विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक आंतोनियो सालाझार १९३२ पासून पोर्तुगालचे सर्वसत्ताधीश होते. त्यांच्या राजवटीला फातिमाच्या वाढत्या भक्तीचा आधार मिळाला, असे इतिहासकार नमूद करतात. कोकणातील माणसाला ही राजवट वेगळ्या कारणाने आठवते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी बांद्यापलीकडील पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या याच राजवटीच्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज सत्ता गेली, फातिमा मातेची भक्ती राहिली. सावंतवाडी आणि मालवणकडील भाविकांना या दोन गोष्टी एकमेकींत मिसळाव्या लागल्या नाहीत. घरातील वेदीसमोर म्हटली जाणारी प्रार्थना कोणत्याही सरकारची नव्हती.

मठाची शिस्त इतकी कडक होती की सिस्टर लुसियांना भेटण्यासाठी रोमची परवानगी लागे. मोजक्या प्रसंगी त्या जगासमोर आल्या. १९६७ मध्ये दर्शनांच्या सुवर्णमहोत्सवाला पोप सहावे पॉल फातिमाला आले, तेव्हा लक्षावधी लोकांनी त्यांना पोपच्या शेजारी पाहिले. १३ मे १९८१ रोजी, फातिमाच्याच तारखेला, रोममध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळीबार झाला. फातिमा मातेने आपल्याला वाचवले, अशी त्यांची श्रद्धा होती. शरीरातून काढलेली गोळी त्यांनी फातिमाला अर्पण केली. ती आज तेथील मूर्तीच्या मुकुटात बसवलेली आहे. १९८२, १९९१ आणि २००० या तिन्ही पोपभेटींत सिस्टर लुसिया उपस्थित होत्या.

१३ मे २००० हा दिवस त्यांच्या आयुष्यातील विलक्षण दिवस होता. फ्रान्सिस्को आणि जासिंता यांना त्या दिवशी फातिमा येथे धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. ज्यांच्यासोबत माळावर खेळल्या, भांडल्या, ज्यांच्या आजारपणात उशाशी बसल्या, त्यांना वेदीचा मान मिळताना ९३ वर्षांची थोरली बहीण पाहत होती. त्याच सोहळ्यात तिसरे रहस्य खुले करण्याची घोषणा झाली आणि २६ जून २००० रोजी ते प्रसिद्ध झाले. उद्ध्वस्त शहरातून डोंगरावरील क्रूसाकडे चालत जाणारा, शुभ्र वस्त्रातील धर्माध्यक्ष आणि त्याची हत्या, असे ते दृश्य होते. जगबुडीची तारीख त्यात नव्हती. काहींचा अपेक्षाभंग झाला. काहींनी अजून काही दडवले आहे असा आरोप केला. सारे प्रसिद्ध झाले आहे, असे सिस्टर लुसियांनी २००१ मध्ये व्हॅटिकनच्या प्रतिनिधीला सांगितले. रहस्याचे ओझे ८३ वर्षांनी उतरले.

अखेरच्या काळात त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती क्षीण झाली होती. निधनाची तारीखही १३ च आली. पोर्तुगाल सरकारने १५ फेब्रुवारी २००५ हा राष्ट्रीय दुखवट्याचा दिवस जाहीर केला. निवडणूक पाच दिवसांवर आलेली असताना प्रमुख पक्षांनी प्रचार थांबवला. ज्या देशाच्या प्रशासकाने एकेकाळी तिला डांबले होते, त्या देशाने तिच्यासाठी ध्वज अर्ध्यावर आणला. पुढच्या वर्षी १९ फेब्रुवारीला त्यांचे अवशेष कोइम्ब्राहून फातिमाच्या बॅसिलिकात आणण्यात आले आणि जासिंताच्या शेजारी ठेवण्यात आले. फ्रान्सिस्कोची समाधी त्याच मंदिरात आहे. २०१७ मध्ये, शताब्दीच्या दिवशी, पोप फ्रान्सिस यांनी दोन्ही भावंडांना संतपद दिले. लुसियांच्या प्रकरणी पाच वर्षे थांबण्याचा नियम पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००८ मध्ये शिथिल केला. तरी वेळ लागला, कारण दहा वर्षांच्या मुलाचे चरित्र तपासणे वेगळे आणि ९७ वर्षे जगलेल्या, सतत पत्रे लिहिणाऱ्या जोगिणीचा शब्द न् शब्द तपासणे वेगळे. २२ जून २०२३ रोजी त्यांना पूजनीय हा दर्जा मिळाला.

केवळ वर्षे मोजायची तर त्यांच्याहून दीर्घायुषी जोगिणी होऊन गेल्या आहेत. फ्रान्समधील सिस्टर आंद्रे जानेवारी २०२३ मध्ये वारल्या तेव्हा त्यांचे वय ११८ वर्षे होते. नियमित दिनक्रम, साधा आहार आणि सोबतीचे जगणे यांमुळे मठातील स्त्रिया दीर्घायुषी होतात, असे निरीक्षण आहे. वार्धक्याच्या अभ्यासासाठी अमेरिकेत १९८६ पासून ६७८ जोगिणींची पाहणी झाली. सिस्टर लुसियांचे दीर्घायुष्य मात्र त्यांनी कधी मिरवण्यासारखे मानले नाही. ते त्यांना नेमून दिलेले काम होते.

तुला काही काळ येथे राहावे लागेल, हे शब्द १३ जून १९१७ चे. मृत्यू १३ फेब्रुवारी २००५ चा. तो काही काळ बरोबर ८७ वर्षे आणि आठ महिन्यांचा भरला. त्यातील सहा महिने जगाने पाहिले. उरलेल्या वर्षांत पहिले महायुद्ध संपले, दुसरे झाले, साम्राज्ये मावळली, सालाझार गेले, सोव्हिएत रशिया विसर्जित झाला. ती सारी वर्षे या स्त्रीने झाडलोट, शिवण, पत्रलेखन आणि जपमाळ यांत घालवली. कोवा द इरियाच्या माळावर काय घडले, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार किंवा बुद्धीनुसार ठरवावे. पण दहाव्या वर्षी जे सांगितले, ते मार खाऊन, नाव गमावून आणि साथीदार हरपूनही सत्त्याण्णवाव्या वर्षापर्यंत न बदलता, न विकता जपणे, हे घडलेले आहे. ज्या वर्षी त्या गेल्या, त्याच २००५ च्या जुलैमध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. तेथील घरांत तेर्साच्या प्रत्येक आवर्तनाच्या अखेरीस ती छोटी विनवणी म्हटली जाते, आणि ती कोणामुळे आली हे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊकही नसते. नाव लपवून जगायला शिकलेल्या जोगिणीला त्याचे वैषम्य वाटले नसते.